‘इथे सगळे सारखेच’ म्हणणाऱ्या समूहात माझं कुणी ऐकत का नाही?

पत्र:

‘दीड वर्षापूर्वी मी हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका ऑनलाइन समूहात आले. सुरुवातीला नुसती वाचत होते, मग लिहू लागले. आता माझ्या नावाशेजारी “टॉप कॉन्ट्रिब्युटर” अशी पट्टीही दिसते. मध्यंतरी एका नव्या मुलाने विचारलं, ७० मिलिमीटरच्या एका दुर्बिणीच्या खोक्यावर “५२५ पट” लिहिलंय, घेऊ का? एका जुन्या सदस्याने उत्तर दिलं, “बिनधास्त घे.” मी सविस्तर लिहिलं की उपयोगी विवर्धन साधारणपणे भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट धरतात, म्हणजे इथे १४० पटींच्या आसपास; ५२५ हा आकडा नुसता गिऱ्हाइकाला भुलवायला आहे. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या एका ज्येष्ठ सदस्यांनी हेच एका ओळीत लिहिलं आणि खाली “वा! किती सोपं करून सांगितलंत!” अशी रांग लागली. मी ॲडमिनना खासगीत विचारलं. ते म्हणाले, “आपल्याकडे कुणी लहान-मोठं नाही, सगळे सारखेच.” नंतर कळलं की दहा-बारा जुन्या मंडळींचा एक वेगळा गट आहे आणि बरंच काही तिथेच ठरतं. ही उतरंड खरी आहे की माझ्या मनाचे खेळ? खरी असेल तर वर कसं जायचं? की सरळ बाहेर पडू? ज्या उत्तराकडे दुर्लक्ष झालं तेही सोबत पाठवतेय. – अजूनही नवखी’

प्रिय ‘अजूनही नवखी’,

मनाचे खेळ नाहीत, उतरंड आहे. तुमचे ॲडमिन बहुधा खोटंही बोलत नसावेत. ज्याचा शब्द पहिल्यापासून ऐकला जातो त्याला वाटतं की सगळ्यांचाच ऐकला जातो.

हे तुमच्याच समूहाचं वैशिष्ट्य आहे असंही समजू नका. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी यूजनेटची कल्पना मांडली. संगणकांनी एकमेकांना संदेश पोचवायचे आणि त्यावर लोकांनी चर्चा करायच्या. त्याला मालक नव्हता, मुख्यालय नव्हतं, अध्यक्ष नव्हता. तरीही ऐंशीच्या दशकात ज्या मोजक्या मोठ्या संगणकांवरून बहुतेक संदेश पुढे जात, ते सांभाळणाऱ्या मंडळींकडे आपोआप निर्णय आले. कुठला नवा चर्चागट सगळीकडे पोचेल आणि कुठला वाटेतच अडेल, हे त्यांच्या होकार-नकारावर ठरू लागलं. लोक त्यांना ‘बॅकबोन कबाल’ म्हणत. कबाल म्हणजे आपल्याकडच्या ऑनलाइन भाषेत कंपू. ‘कबाल वगैरे काही नाहीच आहे’ हे वाक्य तिथे इतक्यांदा उच्चारलं गेलं की पुढे तो नेहमीचा विनोदच होऊन बसला. तुमच्या ॲडमिनचं उत्तर याच घराण्यातलं आहे. १९८७ मध्ये या मंडळींना वळसा घालून ‘ऑल्ट’ नावाची वेगळी शाखा काढावी लागली, तेव्हा कुठे इतरांना हवे ते विषय सुरू करता येऊ लागले.

पण या कंपूला कुणी निवडून दिलं नव्हतं तसंच त्यांनी सत्ता बळकावलीही नव्हती, हेही लक्षात घ्या. संदेश साठवायच्या डिस्क त्यांच्या संस्थांच्या, फोनची बिलं त्यांच्या संस्थांची, रात्री-अपरात्री बिघाड दुरुस्त करायला उठणारेही तेच. जो भार उचलतो त्याचं ऐकलं जातं. यात मला फारसं वावगं दिसत नाही. वावगं पुढे होतं: उचललेल्या भाराबद्दल मिळालेलं वजन भलत्याच ठिकाणी चालू लागतं, आणि त्याबद्दल जाब विचारायला गेलं की ‘आम्ही कुठे कुणी आहोत?’ असं उत्तर येतं.

यावरचं सगळ्यात नेमकं बोलणं इंटरनेटच्या आधीचं आहे. जो फ्रीमन या अमेरिकी स्त्रीवादी कार्यकर्तीने १९७० मध्ये एका भाषणात आपल्याच चळवळीतल्या ‘आमच्यात कुणी नेता नाही’ म्हणणाऱ्या गटांना आरसा दाखवला होता. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की रचना नसलेला गट असूच शकत नाही. फार तर रचना जाहीर न केलेला गट असतो. मग निर्णय मैत्रीच्या जाळ्यातून होतात, नियम आतल्यांनाच माहीत असतात आणि बाहेरच्याला फक्त एवढंच जाणवतं की काहीतरी चाललंय आणि ते आपल्याला कळत नाहीये. तुमचं पत्र वाचताना मला सारखी तीच आठवण येत होती.

आता तुमच्या समूहात वजन कुणाचं आणि कशामुळे, ते पाहू. एकच शिडी आहे असं समजून तुम्ही तिची पायरी शोधताय, म्हणून दमताय.

सगळ्यात भाबडं वजन म्हणजे आधी आल्याचं. स्लॅशडॉट या १९९७ मध्ये सुरू झालेल्या तंत्रज्ञानविषयक संस्थळावर प्रत्येक सदस्याला क्रमांक मिळे. जितका लहान क्रमांक तितका मान, कारण लहान क्रमांक म्हणजे सुरुवातीची मंडळी. क्रमांक लहान असण्याचा शहाणपणाशी काय संबंध? काहीच नाही. पण लोक तो पाहत. तुमच्याकडे क्रमांक नसतील, ‘आपण सुरुवात केली तेव्हा तर मोजून वीस जण होतो’ अशी वाक्यं मात्र असतील. ती कोण लिहितं ते आठवून पाहा.

दुसरं वजन खटाटोपाचं. हे तुमच्याकडे आहे, आणि ती पट्टी त्याचीच. पट्टीवर फार विसंबू नका. ती यंत्र देतं, आणि यंत्राला मोजता येतं तेवढंच ते मोजतं: किती लिहिलं, किती जणांनी लाइक केलं. इंग्रजी विकिपीडियावर आपल्या संपादनांची संख्या मोजत बसणाऱ्यांच्या खोडीला ‘एडिटकाउंटायटिस’ असं चक्क आजाराचं नाव ठेवलेलं आहे. स्लॅशडॉटवर चांगल्या प्रतिसादांचे गुण, म्हणजे ‘कर्मा’, आधी आकड्यात दिसत. लोक तो आकडा वाढवण्याच्या मागे लागले, तेव्हा चालकांनी आकडा झाकून त्याजागी ‘चांगला’, ‘उत्कृष्ट’ असे शब्द टाकले. पट्टी मिळाली याचा आनंद जरूर माना. पण ती म्हणजे सभागृहातली खुर्ची नव्हे.

तिसरं वजन किल्ल्यांचं. कोण सदस्याला काढू शकतो, कोण संदेश पुसू शकतो, कोण एखादी चर्चा वर टाचून ठेवू शकतो. हे उघड असतं, म्हणून त्याचा त्रास त्यामानाने कमी होतो.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चालणारं, वजन आठवणीचं आहे. ‘हा विषय आधी झालाय, तेव्हा असं ठरलं होतं’ हे वाक्य ज्याला बोलता येतं, तो निम्मी चर्चा तिथल्या तिथे संपवू शकतो. ते खरंच तसं ठरलं होतं का, हे तपासायला कुणी जात नाही. तपासायचं म्हटलं तरी कुठे शोधणार? समूह जितका विस्कळीत, जुनं लेखन शोधणं जितकं अवघड, तितका आठवण सांगणारा माणूस मोठा. हे लक्षात ठेवा, तुम्हाला पुढे उपयोगी पडणार आहे.

शिवाय ओळखीपाळखीचं वजन असतंच. प्रत्यक्षात भेटलेली माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही, माणसं अशीच असतात.

यातलं खरं वजन कुणाचं हे ओळखायचं असेल तर लाइक मोजू नका. कुणी ‘नको’ म्हटल्यावर विषय थांबतो ते पाहा. कुणाचा प्रतिसाद येईपर्यंत बाकीचे थबकतात ते पाहा. तुमच्या दुर्बिणीच्या चर्चेत लोक दोन दिवस गप्प होते. ते तुमच्याविरुद्ध होते असं मला वाटत नाही. ते वाट पाहत होते.

आणि का पाहू नये? बहुतेकांना दुप्पटीचा नियम खरा की खोटा हे स्वतः ताडून पाहता येत नाही. समोर दोन उत्तरं आहेत, दोन्ही ठामपणे लिहिलेली. अशा वेळी माणूस काय लिहिलंय यापेक्षा कुणी लिहिलंय ते पाहतो. तुम्हीही पाहता, मीही पाहतो. (या सदरातलं उत्तर लोक वाचतात यात सदराचा वाटा मोठा आहे, माझा किती हे मी स्वतःला विचारत नाही.) हा आळस आहे, पण सगळा दुष्टपणा नाही. ज्येष्ठांनी तुमचंच म्हणणं उचललं की त्यांना ते स्वतंत्रपणे माहीत होतं, हेही आपल्याला सांगता येणार नाही. हा नियम हौशी मंडळींत सर्रास माहीत असतो. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ असं झालं हे खरं, पण चोरी झाली असं धरून चालू नका.

आता तुम्ही पाठवलेल्या उत्तराबद्दल. मजकूर बिनचूक आहे. पण तो सुरू कसा होतो पाहा: ‘हे पूर्णपणे चुकीचं आहे.’ त्यानंतर तीन परिच्छेद त्या जुन्या सदस्यांचं म्हणणं कसं खोटं आहे यावर आहेत. ज्या मुलाने प्रश्न विचारला त्याच्यासाठी अखेरच्या ओळीत फक्त ‘म्हणून घेऊ नका’ एवढंच आहे. तुम्ही उत्तर मुलाला दिलंच नाहीत. तुम्ही वरच्या पायरीवरच्या माणसाशी बोलत होता, आणि बाकीच्यांना तो वाद वाटला. वादात पडायला कुणाला आवडत नाही, तेव्हा लोक बाजूला उभे राहिले. ज्येष्ठांची ओळ मात्र मुलाला उद्देशून होती.

समजा तुम्ही असं लिहिलं असतं: ‘७० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून चंद्राची विवरं, गुरूचे चार मोठे चंद्र आणि शनीची कडी छान दिसतात, त्याला शंभर-सव्वाशे पट पुरेत. ५२५ वर प्रतिमा मोठी होईल पण अंधूक आणि फिसकटलेली दिसेल. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा भिंगाचा व्यास आणि तिवई किती भक्कम आहे ते बघ.’ यात कुणाचं नाव नाही, कुणाला चूक म्हटलेलं नाही, आणि मुलाला आता काय करायचं ते कळलं आहे. तरीही कुणी लक्ष दिलं नसतं, असं होऊ शकतं. पण ते दुर्लक्ष केवळ उतरंडीचं ठरलं असतं. आत्ताच्या दुर्लक्षात थोडा हात तुमच्या सुराचाही आहे.

ही समजूतदारपणाची भाषा एका ठिकाणी मात्र बाजूला ठेवा. कुणी, कितीही ज्येष्ठ असो, एक्स-रेच्या फिल्ममधून किंवा काजळी धरलेल्या काचेतून सूर्याकडे बघायला सांगितलं, किंवा दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला सौर फिल्टर न लावता सूर्य बघायला सांगितलं, तर ‘हे करू नका, डोळे कायमचे जातील’ असं त्याच क्षणी लिहायचं. पायरी, सूर, शिष्टाचार काही पाहायचं नाही. लगेच ॲडमिनलाही कळवायचं. दुर्बिणीत गेलेले पैसे पुन्हा मिळवता येतात.

वर कसं जायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. आधी सांगतो काय करू नका, कारण मोह होतो. दुसरा आयडी काढून स्वतःच्याच उत्तराखाली ‘वा, मस्त’ लिहू नका. डुआयडी उघडा पडतोच, आणि मग तुमचं खरं लेखनही संशयात जातं. नाराजांना गोळा करून प्रतिकंपू उभा करू नका. त्या प्रतिकंपूलाही सहा महिन्यांत स्वतःचा खासगी गट लागतो. आणि जुन्यांच्या प्रत्येक फोटोखाली हजेरी लावू नका; तसं करून जवळीक मिळते, वजन मिळत नाही.

मघाशी आठवणीचं वजन म्हटलं ते इथे कामाला येतं. तुमच्या समूहात ‘पहिली दुर्बीण कोणती घ्यावी’ हा प्रश्न किती वेळा येतो? माझा अंदाज, पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी तेच वाद नव्याने होतात. ते सगळे जुने धागे शोधा, वाचा, त्यातली उपयोगी उत्तरं ज्याची त्याच्या नावासकट एका ठिकाणी आणा. व्यास, विवर्धन, नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग), तिवई, खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे. ज्यांच्याशी तुमचं वाजलं त्या जुन्या सदस्यांचंही एखादं चांगलं उत्तर त्यात सापडेल, तेही घ्या. मग समूहात टाका आणि सांगा, चुका दाखवा, दुरुस्त करते. जी आठवण आतापर्यंत चार डोक्यांत होती ती सगळ्यांसमोर येईल. पुढच्या वेळी ‘हे आधी ठरलंय’ म्हणणाऱ्याला कुणीही विचारू शकेल, ‘कुठे ते दाखवता का?’ तुमचं वजन वाढेल हे खरं, पण मला जास्त आवडणारी गोष्ट म्हणजे इतरांचं विनाकारण असलेलं वजन थोडं कमी होईल.

सगळ्या विषयांत मत देणं मात्र कमी करा. एक कोपरा घ्या. दुर्बिणी घ्या, किंवा बदलणारे तारे, किंवा उल्कावर्षाव. लोकांना ‘हिला सगळं माहीत असतं’ हे पटत नाही, ‘हे हिला विचारा’ हे सहज पटतं.

आता तो वेगळा गट. दहा-बारा मित्रांनी वेगळं बोलणं यात गैर काही नाही. तुम्हालाही असा एखादा गट असेल. गैर हे, की तिथे सगळ्यांच्या वतीने ठरवलं जातं आणि बाहेर ते आपोआप घडल्यासारखं दाखवलं जातं. ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो’ म्हणतात ते इथे लागू आहे. एका उत्तराकडे दुर्लक्ष झालं, ठीक. पण कुणाला काढायचं, कोणता विषय बंद करायचा, हे बंद दाराआड ठरायची सवय लागली की ती मोडत नाही. उलट वाढत जाते. बेंजामिन माको हिल आणि ॲरन शॉ या अभ्यासकांनी ६८३ विकींचा अभ्यास करून २०१४ मध्ये जे मांडलं ते याच अंगाचं होतं. कुणीही येऊन लिहावं अशा या जागा. तरी त्या जसजशा मोठ्या होत गेल्या तसतशी सुरुवातीच्या मोजक्यांची पकड सैल न होता घट्ट झाली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्सने १९११ मध्ये राजकीय पक्षांबद्दल हेच म्हटलं होतं, तेही लोकशाहीच्या गप्पा मारणाऱ्या पक्षांबद्दल.

मग उपाय काय, वरच्यांनी खाली उतरावं? तेही करून झालंय. लॅम्डामू नावाचं एक केवळ मजकुराचं आभासी जग १९९० मध्ये पॅव्हेल कर्टिस यांनी सुरू केलं. तिथे सगळ्या किल्ल्या ‘विझर्ड’ म्हणवणाऱ्यांकडे, म्हणजे जादूगारांकडे होत्या. भांडणं सोडवून दमलेल्या जादूगारांनी १९९२ च्या डिसेंबरात जाहीर केलं की यापुढे आम्ही फक्त तंत्रज्ञ, सामाजिक निर्णय तुमचे तुम्ही घ्या. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात किल्ली ज्याच्याकडे त्याची प्रत्येक तांत्रिक कृती कुणाच्या तरी बाजूची किंवा विरुद्धची ठरत राहिली. १९९६ मध्ये त्यांनी तो निर्णय फिरवला: आम्ही निर्णय घेतच होतो, यापुढे उघडपणे घेऊ. मला हे दुसरं जाहीर निवेदन पहिल्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.

उलट टोकाला स्टॅक ओव्हरफ्लो. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचं हे संस्थळ २००८ मध्ये सुरू झालं आणि त्यांनी शिडी सरळ भिंतीवर रंगवून टाकली: १५ गुण झाले की दुसऱ्याच्या उत्तराला पसंतीचं मत देता येई, ५० झाले की कुठेही टिप्पणी करता येई, ३००० झाले की प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येई. नवख्यांना तिथेही दडपण येतं, ‘हा प्रश्न आधी झालाय’ म्हणून दार लावलं जातंच. मात्र तिथे निदान हे सांगता येतं की दार लावायचा अधिकार कुणाला आणि कशामुळे. छोट्या हौशी समूहात गुणांची पद्धत आणावी असं मी मुळीच म्हणणार नाही. लोक तारे बघायचं सोडून गुण बघतील. पण अधिकार कुणाचा ते लिहून ठेवणं परवडतं.

म्हणून ॲडमिनकडे पुन्हा जा, पण ‘इथे उतरंड आहे’ ही तक्रार घेऊन जाऊ नका. ते परत नाही म्हणतील आणि बोलणं संपेल. ठोस गोष्ट मागा. साधारण असं लिहा:

‘नमस्कार. समूह वाढलाय, नवे लोक रोज येताहेत. संदेश काढणे, चर्चा बंद करणे, सदस्याला वगळणे हे निर्णय कोण घेतं आणि त्याबद्दल शंका असेल तर कुणाला विचारायचं, हे दोन-चार ओळींत वर टाचून ठेवाल का? निर्णय कुठे चर्चा करून घेतले यापेक्षा ते कुणी घेतले आणि का, एवढं समूहात कळलं तरी पुरे. दुसरं, पहिल्या दुर्बिणीबद्दलची जुनी उत्तरं मी एकत्र करते आहे. झालं की तुम्हाला आणि आणखी दोघा-तिघा जाणत्यांना दाखवीन, मग समूहात टाकीन.’

त्या दोघा-तिघांत ‘बिनधास्त घे’ म्हणणाऱ्यांनाही घ्या. खासगीत विचारलं की माणसं आपलं मत बदलतात; चारचौघांत विचारलं की त्याला चिकटतात.

आणखी एक गोष्ट, तुमच्या पत्रात नसलेली. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: ऑनलाइन समूहांत ९० टक्के लोक नुसतं वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात, आणि बहुतेक लेखन १ टक्का मंडळी करतात. प्रत्येक समूहात आकडे तंतोतंत असेच निघतील असं नाही, पण पट्टी मिळालेली तुम्ही त्या १ टक्क्यात आहात यात मला शंका नाही. म्हणजे वाचनमात्र मंडळींच्या दृष्टीने तुम्ही ‘वरच्या’ आहात. गेल्या महिन्यात कुणा अगदी नव्या सदस्याने काही लिहिलं आणि त्याला एकही प्रतिसाद आला नाही, असं झालंय का? तुम्ही ते वाचलं होतं का? वाचून पुढे गेला होता का? ‘माझं कुणी ऐकत नाही’ म्हणणाऱ्या तुमच्याकडे कुणीतरी खालून याच नजरेने पाहत असेल, आणि त्याला तुमच्या दीड ओळीच्या उत्तराने जो फरक पडेल तो ज्येष्ठांच्या गटात प्रवेश मिळून तुम्हाला पडणार नाही.

बाहेर पडावं का? आत्ता नको. माझ्या हिशेबात बाहेर पडण्याची वेळ दोन प्रसंगी येते. एक, बरोबर माहिती, विशेषतः कुणाची इजा टाळणारी, केवळ ती कुणी दिली म्हणून पुसली जाऊ लागली तर. दुसरं, आकाशाकडे बघायच्या आधी तुम्ही फोनमध्ये कोण काय बोललं ते बघू लागलात तर. यातलं काही झालं तर निघा. निरोपाचा लांब संदेश लिहू नका; त्याखाली ‘जाऊ नका’ म्हणणाऱ्यांची मोजदाद करत पुन्हा तिथेच अडकाल.

ॲडमिनना तो संदेश या आठवड्यात पाठवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा. तरीही उत्तर नसेल तर निर्णयांबद्दलची तीच विनंती समूहात सर्वांसमोर, त्याच शांत सुरात टाका आणि ‘बाकीच्यांना काय वाटतं?’ विचारा. दुर्बिणींचं संकलन मात्र कुणाच्या उत्तरासाठी अडवून ठेवू नका, त्या मुलाने अजून खरेदी केली नसेल.